व्हॅल्युअरला आकडा सांगू नका, कागद दाखवा

"मॅडम, नव्वद लाखांना व्यवहार ठरलाय, तेवढं बघून घ्या."

फ्लॅटच्या दारात चप्पल काढत असतानाच हे वाक्य कानावर येतं. म्हणणारा एजंट वाईट नसतो. दोन-तीन महिने त्याने गिऱ्हाईक फिरवलेलं असतं, विक्रेत्याची समजूत काढलेली असते, इसार झालेला असतो आणि आता सगळं माझ्या अहवालावर येऊन थांबलंय असं त्याला वाटत असतं. त्याची घालमेल मला कळते. पण त्या वाक्याचा मला काही उपयोग नसतो. व्यवहाराची रक्कम बँकेने पाठवलेल्या करारनाम्यात मी आधीच वाचलेली असते.

मी सिव्हिल इंजिनीअर. पुण्यात बँकांच्या पॅनेलवर व्हॅल्युअर म्हणून, म्हणजे कर्जाआधी घर तपासून त्याची किंमत सांगणारी म्हणून, काम करते. बरंचसं काम रिसेलच्या फ्लॅटचं. ज्या एजंटांचे व्यवहार 'टेक्निकल'ला अडकत नाहीत, त्यांच्या व्हॅल्युअर लोकांशी फार ओळखी असतात असा एक समज बाजारात आहे. माझा अनुभव वेगळा आहे. त्यांची फाइल चांगली असते, इतकंच. ती फाइल कशी बनते आणि आम्ही तिच्यात काय शोधतो, हे एजंटांना आणि घर विकणाऱ्या-घेणाऱ्यांनाही कळावं म्हणून हे लिहिते आहे.

बँक कर्ज देण्याआधी दोन तपासण्या करून घेते. वकील 'लीगल' बघतो: मालकी कोणाची, आधीच्या करारनाम्यांची साखळी अखंड आहे का, जागेवर बोजा आहे का. आम्ही 'टेक्निकल' बघतो: जागा कागदावर आहे तशीच प्रत्यक्षात आहे का, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, इमारत आणखी किती वर्षं टिकेल, आणि आज ही जागा विकायला काढली तर किती येतील. उद्या हप्ते थकले तर बँकेला हीच जागा विकून पैसे वसूल करायचे असतात. म्हणून बहुतेक अहवालांत बाजारभावाखाली आणखी दोन आकडे असतात. एक, थोडक्या मुदतीत विकली तर काय येईल. दुसरा, लिलावासारखी घाईने विकावी लागली तर काय येईल. एजंटच्या डोळ्यांपुढे नव्वद असतात, बँकेच्या डोळ्यांपुढे तो सगळ्यात खालचा आकडाही असतो.

व्हॅल्युएशन कमी आलं तर नेमकं काय होतं, ते रुपयांत मांडते, कारण बऱ्याच गिऱ्हाइकांना ते इसार दिल्यावरच कळतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्के रक्कम देता येते. ही 'किंमत' म्हणजे करारनाम्यातली रक्कम आणि व्हॅल्युएशन यांपैकी जी कमी असेल ती.

समजा व्यवहार ९० लाखांचा आहे. ८० टक्क्यांनी ७२ लाख कर्ज, १८ लाख पदरचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. वर नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही खर्च कर्जासाठी घराच्या किमतीत धरले जात नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाने २४ लाख ६० हजारांची तजवीज केलेली असते. आता व्हॅल्युएशन ८२ लाख आलं. त्याचे ८० टक्के होतात ६५ लाख ६० हजार. गिऱ्हाइकाला एकदम ३१ लाख उभे करायचे आहेत. मधल्या ६ लाख ४० हजारांसाठी कोणी वडिलांची एफडी मोडतं, कोणी पर्सनल लोन काढतं, कोणी व्यवहारच सोडतं. हे सगळं ज्या घरात घडतं तिथे मी नंतर नसते. एजंट असतो, आणि लोकांचे फोन त्यालाच येतात.

सगळ्यात जास्त घोळ चौरस फुटांत होतो. एजंट सांगतो, "साडेनऊशेचा टू बीएचके." २००६ सालच्या करारनाम्यात लिहिलेलं असतं बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, ६८.७५ चौरस मीटर, म्हणजे ७४० चौरस फूट. मी लेझर मीटर लावून खोल्या मोजते तेव्हा कार्पेट, म्हणजे आतली वापराची जागा, ६१० भरतं, आणि हॉलला लागून साठ फुटांची टेरेस वेगळी. यात खोटं कोणीच बोलत नसतं. ९५० हा सेलेबल आकडा आहे. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा चढवलेला असतो, आणि तो किती चढवायचा हे त्या काळी बिल्डरने ठरवलेलं असतं.

आता भाव काढून बघा. ९० लाखांना ९५० ने भागलं तर दर साडेनऊ हजारांच्या आत येतो. ६१० ने भागलं तर पावणेपंधरा हजार. एजंट समोरच्या नव्या स्कीमकडे बोट दाखवून म्हणतो, "तिथे पंधरा हजार चाललाय, आपण साडेनऊला देतोय." त्याला हे मनापासून पटलेलं असतं. पण तिथला पंधरा हजार रेरा कार्पेटवरचा आहे आणि इथला साडेनऊ हजार सेलेबलवरचा. दोन्ही कार्पेटवर आणले की फरक उरतो जेमतेम अडीचशे रुपयांचा, आणि त्यातली एक इमारत वीसेक वर्षं जुनी आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या नेमकी केली आहे: घराच्या आतली वापराची जागा, आतल्या भिंतींसकट. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खासगी टेरेस त्यात धरत नाहीत. फ्लॅट विकायला घेतल्या दिवशीच एजंटने लेझर मीटरने तो मोजून ठेवावा, टेरेस आणि बाल्कनीचे आकडे वेगळे लिहावेत. तासाभराचं काम आहे. नंतरची अर्धी भांडणं तिथेच संपतात.

मग दर येतो कुठून? रिसेलच्या फ्लॅटला मुख्य आधार असतो तो आसपास प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचा. पोर्टलवरची जाहिरात म्हणजे विक्रेत्याची अपेक्षा. सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, तो म्हणजे झालेला व्यवहार: मोबदला किती, क्षेत्र किती, तारीख कोणती. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर तो घरबसल्या बघता येतो. रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले दर, हा वेगळा विषय आहे. त्याचे दर साधारणपणे १ एप्रिलला जाहीर होतात आणि ते मुद्रांक शुल्कासाठी असतात. ते विभागवार असतात. तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे की नाही, खिडकीखाली नाला आहे की बाग, हे त्यांना माहीत नसतं. आम्ही अहवालात रेकनरची किंमत नोंदवतो, पण तिला बाजारभाव म्हणत नाही.

शेजारचे तीन-चार व्यवहार घेऊन आम्ही त्यांत वजाबाकी-बेरीज करतो. तो फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता, हा चौथ्यावर आहे आणि लिफ्ट नाही, तर काही कमी. तो दीड वर्षापूर्वी गेला, तर काही जास्त. त्याला पार्किंग होतं, याला नाही. आणि नेमकं इथेच एजंटकडे ते असतं जे माझ्याकडे नसतं. इंडेक्स टूमध्ये रक्कम दिसते, गोष्ट दिसत नाही.

कोथरूडमधल्या एका सोसायटीत मी गेले होते. एजंटने हातात एक कागद दिला. त्यावर चार व्यवहार हाताने लिहिलेले आणि मागे चारही इंडेक्स टू टाचलेले. तिसऱ्या ओळीपुढे निळ्या पेनने लिहिलं होतं: 'हा कमी आहे. काका-पुतण्यातला व्यवहार.' चौथ्या ओळीपुढे: 'हा जास्त आहे. टेरेस १८० फूट, पार्किंग दोन.' मी तो कागद दोनदा वाचला. एवढ्या वर्षांत कमी दराच्या व्यवहाराची कारणं सांगणारे एजंट मला ढिगाने भेटले. ज्याने त्याचं काम सोपं झालं असतं त्या जास्त दराच्या व्यवहारावरही स्वतःहून खूण करणारा हा पहिला. मी चारही नोंदी तपासल्या, सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले, सगळं जुळलं. तिसरा आणि चौथा बाजूला ठेवून आणखी एक व्यवहार मी स्वतः शोधला. अहवाल त्या एजंटच्या अपेक्षेपेक्षा थोडा खालीच गेला. पण त्याचं कारण त्याला आधीपासून माहीत होतं, आणि गिऱ्हाइकालाही त्याने ते सांगून ठेवलं होतं.

या इंडेक्स टूची एक कडू बाजूही आहे आणि ती लपवून उपयोग नाही. एखाद्या इमारतीतल्या मागच्या तीन व्यवहारांत काही रक्कम रोखीने, कागदाबाहेर गेली असेल, तर नोंदीत ६२-६५ लाखच दिसतात. चौथा विक्रेता सगळे पैसे चेकने घेऊन सरळ नव्वदला विकतो आणि व्हॅल्युएशनमध्ये तोच मार खातो. मला 'ऐकीव' नव्वद धरता येत नाहीत. नोंदवलेलेच धरावे लागतात. म्हणजे रोखीचा प्रत्येक व्यवहार त्या इमारतीतल्या पुढच्या प्रामाणिक माणसाचं नुकसान करून जातो. याच्या उलटही चालतं: कर्ज जास्त मिळावं म्हणून करारनाम्यात रक्कम फुगवायची, किंवा फर्निचरचा वेगळा करार करून भरपाई दाखवायची. ही बँकेची फसवणूक आहे, आणि असं सुचवणाऱ्या एजंटपासून विक्रेत्याने आणि खरेदीदारानेही लांब राहावं.

प्रत्यक्ष भेटीकडे येते. भेट अर्ध्या-पाऊण तासाची असते, आणि ती बहुधा अगदी साध्या गोष्टींवर अडते. एकदा एका दारावर ७ असा पितळी आकडा होता. करारनाम्यात फ्लॅट नंबर ६. वीजबिलावर ६. मिळकतकराच्या पावतीवर ७. विक्रेते आजोबा चक्रावून गेले. वीस वर्षं ते सातमध्ये राहत होते. खाली जिन्याजवळच्या मीटर बोर्डापाशी जाऊन मी मीटरवरचा ग्राहक क्रमांक बिलाशी ताडून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. पूर्वी कधीतरी सोसायटीने वॉचमनच्या खोलीला नंबर देऊन पुढचे सगळे एकाने सरकवले होते. घर तेच होतं. पण कर्ज सहा नंबरच्या घरावर आणि माणूस सातमध्ये, असा अहवाल मी देऊ शकत नाही. सोसायटीचं पत्र मिळायला बारा दिवस लागले. एजंटने करारनामा आणि वीजबिल शेजारी ठेवून दोन मिनिटं बघितलं असतं, तर ते पत्र माझ्या भेटीच्या आधी फाइलला लागलं असतं.

तेव्हा भेटीच्या आदल्या दिवशी एजंटने काय जमवावं? मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला, आधीचे सगळे करारनामे, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती, वीजबिल. आणि ज्याच्या ताब्यात किल्ली आहे तो माणूस हजर. नकाशा सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच सगळ्यांत कमी वेळा मिळतो. बाल्कनी आत घेऊन बेडरूम वाढवलेली असते, टेरेसवर पत्रा टाकून अभ्यासाची खोली केलेली असते. जाहिरातीत तो 'अडीच बीएचके' होतो. मंजूर नकाशात नसलेल्या खोलीचं मूल्य बँकेच्या अहवालात धरता येत नाही, आणि बदल मोठा असेल तर कर्जच अडतं. भोगवटा दाखला नसलेल्या इमारती आणि गुंठेवारीतली, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची, घरं यांच्याबाबत प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं असतं. कोणती बँक अशी घरं मुळात घेते, हे गिऱ्हाइकाचा अर्ज भरण्याआधी विचारावं.

पार्किंगचंही तसंच. "स्टिल्टचं पार्किंग विकत घेतलंय, साडेतीन लाख दिले होते," असं मालक इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेबद्दल सांगतात. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोफा या महाराष्ट्रातल्या फ्लॅटमालकीच्या कायद्याखाली बिल्डरला स्टिल्ट पार्किंग फ्लॅटपासून वेगळं विकता येत नाही. म्हणून मी जुनी पावती बघत नाही, सोसायटीने दिलेलं वाटपपत्र मागते.

भिंतीवरचा ओलीचा डाग कपाट सरकवून झाकू नका. मी कपाटामागे बघतेच. गेल्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असेल तर त्याचं बिल दाखवा; डाग जुना आहे हे मग मलाही लिहिता येतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. ते झालेलं असेल तर अहवालाची प्रत सोन्यासारखी आहे. आरसीसी इमारतीचं आयुष्य आम्ही सर्वसाधारणपणे ६० वर्षं धरतो. पस्तीस वर्षांच्या इमारतीवर वीस वर्षांचं कर्ज मागितलं की शिल्लक आयुष्याचा प्रश्न येतो, आणि तिथे इमारत सांभाळलेली आहे याचा पुरावा बोलतो.

आणि 'सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय' हे वाक्य. रोज ऐकते. सर्वसाधारण सभेत चर्चा झाली, बिल्डर येऊन गेला, तीस टक्के जास्त जागा मिळणार. माझ्या दृष्टीने, विकसन करारनामा नोंदवलेला नसेल तोवर ती जास्तीची जागा अस्तित्वात नाही. नोंदवलेला असेल तर त्याची प्रत द्या, मग बोलू.

एवढं करूनही आकडा कमी आला तर? पहिली गोष्ट, व्हॅल्युअरला रात्री फोन करू नका. अहवाल बँकेने मागवलेला असतो आणि तो बँकेचा असतो. फेरविचार हवा असेल तर कर्जदारामार्फत बँकेच्या अधिकाऱ्याकडे लेखी मागा, आणि त्यात नेमकं काय चुकलंय ते लिहा. 'फार कमी धरलंय' याला उत्तर नसतं. 'टेरेस ६० फूट आहे, अहवालात धरलेली नाही, करारनामा पान ४ बघावं' याला असतं. 'याच इमारतीत तीन महिन्यांपूर्वी हा व्यवहार झाला, इंडेक्स टू सोबत' यालाही असतं. माझ्याकडून चुका झाल्या आहेत. एकदा टेरेसचं माप माझ्या वहीतून अहवालात उतरलंच नाही. बँकेकडून विचारणा आली, मी माप पाहिलं आणि त्याच दिवशी दुरुस्ती पाठवली. दुसऱ्या पॅनेल व्हॅल्युअरकडून तपासणी करून घेणं हा बँकेचा अधिकार आहे, आणि काही वेळा बँक तो वापरतेही.

पाकिटाबद्दलही बोलायलाच हवं. भेटीनंतर जिन्यात 'मॅडम, गाडीभाडं' म्हणून पुढे केलेलं पाकीट मी घेत नाही, पाणी आणि चहा घेते. २०१७ च्या नियमांखाली नोंदणी झालेल्या व्हॅल्युअरना आचारसंहिता लागू आहे. यशावर ठरणारी फी घ्यायला आणि कोणाच्या सोयीचं मूल्यांकन करायला तिच्यात मनाई आहे. पाकीट देणाऱ्या एजंटने हा विचार करावा की ज्या व्हॅल्युअरने ते घेतलं, त्याचा खरा अहवालही उद्या बँक मानणार नाही.

अमेरिकेत घर घेणाऱ्या आपल्या लोकांना हीच गोष्ट वेगळ्या नावाने भेटते. तिथे २००८ च्या घरकर्जांच्या पडझडीनंतर, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने अप्रेझरच्या, म्हणजे तिथल्या व्हॅल्युअरच्या, स्वातंत्र्याचे नियम कडक केले. एजंटने अप्रेझरशी बोलूच नये असा गैरसमज तिथेही पसरला. खरं तर त्याला आसपासच्या विक्रीची माहिती देता येते, दुरुस्त्यांची यादी देता येते, चूक दिसली तर दुरुस्तीची विनंती करता येते. ठरावीक आकड्यासाठी दबाव मात्र आणता येत नाही. आपल्याकडेही एवढीच रेघ पुरेशी आहे.

२०२३ साली महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, नोंदणीकृत एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, याचा मला मनापासून आनंद झाला. आता कधीकधी पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलं-मुली भेटतात, कार्पेट आणि बिल्टअप वेगळं सांगतात, नकाशा मोबाइलमध्ये उघडून दाखवतात. त्यांना माझी एकच विनंती असते, की हे सगळं इसाराच्या आधी करा. फ्लॅट मोजणं, नंबर ताडणं, इंडेक्स टू काढणं, कोणती बँक ही इमारत घेते ते विचारणं, यांतल्या कशालाच गिऱ्हाइकाच्या पैशांची गरज नसते. आणि इसार पावतीत एक ओळ घाला: बँकेच्या मूल्यांकनामुळे अमुक रकमेपेक्षा कमी कर्ज मंजूर झालं, तर इसाराची रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल. विक्रेता आधी कुरकुरतो. त्याला शेजारचे चार इंडेक्स टू दाखवा आणि मग सही मागा.